दुहेरी काच

मधली भिंत पाडून दोन खोल्यांची एक केली. तीन भिंतींना पुस्तकं, चौथीला माझं ऑफिसचं टेबल. शेजारच्या यंत्रमागांची खटखट नको म्हणून खिडकीला दुहेरी काच बसवली, दाराच्या फटीत रबर लावलं. मिस्त्रीला मी अगदी भंडावून सोडलं. शेवटी बाहेरचा जराही आवाज आत येईना.

आणि मला तिथं एक पानही वाचवेना. खुर्ची बदलली, दिवा बदलला, टेबल फिरवलं. व्यर्थ.

आई चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. "प्रतीक्षा, हितं लईच सामसूम हाय गं."

"त्यासाठीच तर एवढा खटाटोप केला की!"

आई हसली. "तू पाळण्यात असताना लाइट गेली की माग बंद पडायचे, अन् तू दचकून उठायचीस. माग सुरू झाले की मगच पुन्हा डोळा लागायचा तुझा."

ती गेल्यावर मी खिडकी बोटभर सरकवली आणि पुस्तक उघडलं.

मग कधीतरी लाइट गेली. माग थांबले, आणि मी दचकून वर पाहिलं. चहा गार झाला होता. अर्धं पुस्तक वाचून झालं होतं.