अळंबीसरांची पुडी

"सर, निकाल आलाय. पण..." प्रयोगशाळेतली संशोधक मुलगी पडद्याकडे बघत अडखळली.

"पण काय? सांगून टाक," अळंबीसर म्हणाले. हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. सर निवृत्त झाले तरी ते काही मानगुटीवरून उतरलं नव्हतं.

तरुणपणी त्यांनी एका कुजक्या ओंडक्यावर बुरशी शोधली होती. तिच्या पोटाकडची छिद्रं भिंगातून पाहून, बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली मोजून, ही जात नवी आहे असं छातीठोकपणे सांगितलं होतं. आता नवी मंडळी म्हणत होती, कसली नवी, ही तर नेहमीचीच! डीएनए वेगळा निघाला तर सरांची जात टिकणार, नाहीतर कटाप. आणि जगात तिचा नमुना उरला होता एकच, टेबलावरच्या कागदी पुडीत. त्यातलाही अर्धा या चाचणीत खर्ची पडलेला.

"यंत्र म्हणतंय, हे यीस्ट आहे. पाव फुगवायचं साधं यीस्ट." मुलगी ओशाळली. "माझ्याच हातून काहीतरी घोळ झाला असणार. पण सर, मी हातमोजे घातले होते हो."

सरांनी पुडी उचलली. कागदाच्या घड्या अजून ताठ होत्या, एक कोपरा आत खोचलेला. अशी घडी सरांना जन्मात जमली नाही. त्यांच्या पुड्या कायम गळायच्या.

"घोळ तुझा नाही गं. आमच्या हिचा आहे. पुड्या तीच बांधायची, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. एकीकडे पावाचं पीठ मळायची, एकीकडे माझ्या बुरश्या. मी ओरडायचो, अगं, आधी हात धू! तर म्हणायची, तुमच्या त्या कुजक्या लाकडाला माझ्या पिठाने काय होतंय?"

सर हसले. ते स्वयंपाकघर थंड पडून बरीच वर्षं झाली होती. गरम पावाचा वास त्यांना फार आठवला.

मुलीने पुडीकडे बोट दाखवलं. "सर, एक करता येईल. उरलेल्या तुकड्याचा वरचा थर खरवडून टाकायचा आणि आतला गाभा तेवढा तपासायचा. यीस्ट वरवरच असणार. पण मग नमुना संपला."

सरांनी पुडी उलगडली. नखाएवढा तुकडा. सवयीने त्यांनी खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं. इतक्या वेळा पाहिलेला तुकडा. पिठाचा कणही दिसत नव्हता.

"खरवड," ते म्हणाले.

मुलीने पातं घेतलं, तुकडा चिमट्यात धरला आणि खाली काचेची बशी सरकवली. सरांनी ती बशी बाजूला केली आणि तिच्या जागी पुडीचा कागद पसरला.

"वरचं यात पडू दे. ते मी घरी नेणार आहे."