डावीकडची टाळी

“डबल्सच्या पार्टनरमध्ये एवढा जीव गुंतवू नकोस. रँकिंग जरा वर गेलं की सोडून जातात,” असं टेनिसचे सर म्हणाले, तेव्हा चैत्रालीने ते हसण्यावारी नेलं होतं. शेवटी राजसीला सोडलं तिनेच. बाळ झालं ना!

आज बेलवलीच्या घरात बाळाला मांडीवर थोपटत ती राजसीची सोलापूरच्या छोट्या स्पर्धेतली मॅच मोबाईलवर बघत होती. पॉइंट मिळो वा जावो, पार्टनरला टाळी द्यायचीच. पॉइंट गेला आणि राजसीने सवयीने डावीकडे हात पुढे केला. नवी पार्टनर उजवीकडे उभी होती.

“बावळट, मी घरी आहे!” चैत्राली एवढ्या मोठ्याने ओरडली, की बाळ दचकून रडायला लागलं.

राजसी हरली. चैत्रालीने खेळाडूंच्या ग्रुपवर लिहिलं, “सोलापुरात कोणी असाल, तर तिला जरा बघून याल का? हरली की ती जेवत नाही.”