ठरलेला शब्द

दुपारचं ऊन पडद्यातून पाझरत होतं. मृदुलाने नवऱ्याची, हेरंबची, मनगटं रेशमी ओढणीने बांधली. तो गुडघे टेकून, डोळे मिटून तिच्या हुकमाची वाट पाहत होता.

दोघांच्या मर्जीचा हा खेळ नऊ वर्षं चालला होता. थांबायचं असेल तर ‘जायफळ’ म्हणायचं, असं ठरलेलं. हेरंब ते कधीच म्हणाला नव्हता.

“जायफळ,” आज मृदुलाच म्हणाली.

त्याने चमकून डोळे उघडले. ती गाठ सोडत होती. “तुला सांभाळायचं बळच नाही रे आज. रागावलास?”

“वेडी आहेस का? तो शब्द तुझाही आहे.”

त्याने तिला कुशीत घेतलं. सगळं दुसऱ्यावर सोपवलं की अंग कापसासारखं हलकं होतं, असं तो नेहमी सांगायचा. तिला ते आज कळलं.