कोंबड्यांचा अर्ज

"एकही कोंबडी लपवू नका गं! महापालिकेला कळू दे आपण किती जणी आहोत ते," म्हणत शेवंतामावशी वस्तीत दारोदार फिरली होती. अंगणात कोंबड्या पाळायची परवानगी मिळावी, म्हणून प्रत्येक घराचा पत्ता अन् कोंबड्यांचा आकडा तिनं स्वतः अर्जावर उतरवला होता.

आज महापालिकेची गाडी आली. परवानगीच आली असं समजून ती गुळाचा खडा घेऊन धावली. गाडीतून नखशिखांत पांढऱ्या पोशाखातली माणसं उतरली. हातात रिकामी पोती.

"शहरात बर्ड फ्लू आलाय. कोंबड्या माराव्या लागतील."

"इथं नाहीत हो कोंबड्या!"

साहेबानं तिचाच अर्ज उघडला. "उपकार झाले मावशी. नाहीतर घरं शोधत बसावं लागलं असतं."

दारादारांत बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. गाडीकडं एकीचीही नजर नव्हती.