दहावी सही

"सगळे कॉम्प्युटरकडे पळा! मग वीज कोण, तुमचा आजा बनवणार?" नागराज सर वर्गात कडाडले आणि चैत्राला ते पटलं. ती इलेक्ट्रिकलची, तिला वीजकेंद्रातच नोकरी करायची होती. पण सरांचा 'पॉवर सिस्टिम्स' हा ऐच्छिक विषय दहा मुलांच्या सह्या आल्या तरच चालणार होता.

हॉस्टेलभर भांडून तिनं नऊ सह्या जमवल्या. शेवटच्या दिवशी हक्कानं अग्रहार मोहल्ल्यात सरांच्याच घरी गेली. त्यांची मुलगी अमूल्या तिच्याच वर्गात होती.

"सुम्ने, उगाच डोकं खाऊ नको गं. मी मशीन लर्निंग घेतलंय."

"तुझ्या अप्पांचा विषय बंद पडतोय, अमूल्या! लाज नाही वाटत?"



"त्यांनाच विचार. माझा फॉर्म त्यांनीच भरलाय."