सहावी जागा

सरकारी प्रयोगशाळेतला नमुनेवाला कातडी कारखान्याच्या भिंतीमागे नाल्याच्या पाण्याचा नमुना घ्यायला वाकला, तेवढ्यात कुणीतरी मागून त्याची कॉलर धरली. वळून बघतो तर कारखान्याचा मुकादम. त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा.

"नेहमीच्या पाच जागा सोडून इकडे कुठे कडमडलास?"

"दाजी, नदी शुद्धीकरण योजनेला पाच वर्षं झाली. नदी किती सुधारली त्याचा अहवाल जायचाय. पाचही जागा हा नाला नदीला मिळतो त्याच्या वर आहेत. तिथलं पाणी आधीही स्वच्छच होतं."

"मग स्वच्छ लिही की! योजना पास, तुला बढती, आमच्या तीनशे माणसांच्या चुली पेटत्या. तुझ्या ताईचीसुद्धा. आमच्या पोटावर पाय का देतोस?"

नमुनेवाल्याने बाटली पाण्यात धरली.

मुकादमाच्या हातातला लोखंडी गज त्याच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. दोन पहारेकरी धावत आले आणि त्यांनी बाटल्यांची पेटी लाथांनी फोडली. मुकादमाने गज पुन्हा उचलला. नमुनेवाल्याने पडल्या पडल्या त्याच्या पायाला मिठी घातली आणि पोटरीचा कडकडून चावा घेतला. मुकादमाचा तोल गेला. तो तोंडावर नाल्यात पडला.

वर आला तो किंचाळतच. डोळे गच्च मिटलेले, नाकातोंडातून निळा फेस.

"डोळे! माझे डोळे! ओढा रे मला!"

एका पहारेकऱ्याने पाय पुढे टाकला, पाण्याकडे बघितलं आणि मागे घेतला. दुसरा जागचा हललाच नाही.

शेवटी नमुनेवालाच उतरला. कमरेएवढ्या पाण्यात. धड असलेल्या हाताने त्याने दाजींना काठावर ओढलं, फरफटत कारखान्याच्या नळापाशी नेलं आणि त्यांचं डोकं धारेखाली धरलं. त्याच्या स्वतःच्या मांड्या भाजल्यासारख्या जळत होत्या.

"दिसतंय का?"

"धुरकट... धुरकटच दिसतंय." मुकादमाने चाचपडत त्याचा हात धरला, नेमका मोडलेला. नमुनेवाला कळवळला, पण त्याने हात सोडवला नाही.

"काय असतं रे त्या पाण्यात?" मुकादमाने विचारलं.

"तेच बघायला आलो होतो, दाजी."