केर

"नवसाबाई, खाली ठेव ती केरसुणी!"

भागीबाई एवढ्या जोरात ओरडली की नवसाबाईच्या हातून केरसुणी खरंच गळून पडली. बिचारी शेजारधर्म म्हणून मेथीच्या जुड्या बांधायला आली होती. बसायला जागा करावी म्हणून तिने कोपऱ्यातली केरसुणी उचलली, एवढाच तिचा गुन्हा.

घरभर तुटकी मुळं, पिवळी पानं आणि वाळलेला चिखल पसरला होता. बाहेर पावसाची झड लागलेली, म्हणून भाजी घरातच निवडावी लागत होती. कालचा केर आजच्या केराखाली दबून वास मारत होता.

"अगं, पाय ठेवायला जागा नाय," नवसाबाई म्हणाली.

"सायलीचा फोन नाय आला अजून. पोचल्याचा."

नवसाबाई तशीच केरात टेकली. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचल्याचं कळेपर्यंत मागे घर झाडायचं नाही, हे तिलाही ठाऊक होतं. पण तिच्या घरची माणसं जायची सिन्नरला, फार तर लासलगावला, आणि दुपारच्या आत पोचायचीही. भागीबाईची पोरगी पाठीवर भली मोठी बॅग घेऊन एकटी नेपाळात हिंडत होती.

रोज नवं गाव, आणि रोज संध्याकाळी फोन: "आई, पोचले." तो आला की भागीबाई केरसुणी हातात घ्यायची. मग एक दिवस टीव्हीवर तिथली जाळपोळ दिसायला लागली. संचारबंदी लागली, बसगाड्या बंद झाल्या. सायलीचा शेवटचा निरोप होता, 'डोंगरातून खाली निघालेय.' त्यानंतर तिचा फोन लागत नव्हता.

भागीबाईचा नवरा धोंडीराम असलं काही मानत नसे. "केर काढल्यानं कुणाची गाडी दरीत जाती का?" असं तो बायकोला सकाळीच म्हणाला होता. मेथीच्या मुळांवरून पाय घसरला तेव्हा पुन्हा म्हणाला. आता मात्र तो खाली मान घालून जुड्या बांधत होता आणि बांधलेल्याच जुडीला पुन्हा सुतळी गुंडाळत होता.

फोन वाजला. भागीबाईच्या मांडीवरची मेथी खाली सांडली.

पडद्यावर सायली दिसली. उन्हाने रापलेली, ओठ फुटलेले, पण हसत होती.

"आई, पोचले गं. पोखऱ्याला."

भागीबाईने फोन अगदी जवळ धरला. ती नुसती पडद्यावर पोरीच्या गालावरून अंगठा फिरवत राहिली. अंगठा लागून फोन कट होईल म्हणून शेवटी धोंडीरामने तिचा हात धरला.

"जेवलीस का?" त्यानेच विचारलं.

"जेवले, आण्णा. रस्ता बंद होता ना, मधल्या गावात एका आजींनी ठेवून घेतलं. रेंजच नव्हती तिथे. त्या मला दाराबाहेर पाऊल टाकू देत नव्हत्या. आणि आई, ताटातला भात संपला की न विचारता वाढायच्या. थेट तुझ्यासारख्या."

भागीबाईला ते लागलं. आपल्या पोरीला कुणी दुसरीनेच वाढलं. 'ये आता घरी' हे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले. पण निघताना सायलीने तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं, काहीही झालं तरी परत ये म्हणायचं नाही.

"बरं," ती म्हणाली. "घर झाडते मग."

"म्हणजे? अजून झाडलं नाहीस? दाखव बघू!"

भागीबाईने फोन फिरवला. जमीन दिसली, खाटेखालचा कोपरा दिसला, आणि केरातून चुलीपर्यंत पडलेली पायवाट दिसली. सायलीचं हसू थांबलं.

"आई..." ती म्हणाली. "मला ना, मेथीचा वास येतोय इथे."

धोंडीराम आणि भागीबाई, दोघंही फोनवर वाकली. आता 'घरी येते' म्हणेल, असं दोघांनाही वाटलं. पोरीला घराची आठवण येते आहे, एवढं तर धडधडीत दिसत होतं.

सायलीने बाहीने नाक पुसलं.

"झाडून घे आई आता. इथे सगळं निवळलंय. बस सुरू झाली की मी पुढे लुंबिनीकडे निघते. तिथून पुढचं बघू."

"बरं," भागीबाई म्हणाली. "जपून जा."

फोन बंद झाला. छपरावर पाऊस वाजत होता. थोड्या वेळाने नवसाबाईच म्हणाली, "पोरगी सुखरूप हाय, लय बरं झालं. आता तरी काढू दे बाई केर."

भागीबाई उठली. पदराने डोळे पुसले, केरसुणी घेतली आणि खाटेखालून झाडायला सुरुवात केली. दोन हात मारले असतील नसतील, तोच धोंडीरामने पुढे होऊन केरसुणी धरली.

"राहू दे."

"अहो, पोचली ना ती."

"घरी कुठं?" धोंडीराम म्हणाला. केरसुणी दाराआड ठेवून तो परत केरातच येऊन बसला.